शिफ्टमध्येच शिकण्याची वेळ: मशीन शॉपमध्ये साप्ताहिक बैठक कशी सुरू करावी

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपमध्ये मी आधी ऑपरेटर होतो आणि आता काही वर्षांपासून सुपरवायझर आहे. आमच्या लाईनवर दर मंगळवारी चाळीस मिनिटे मशीन थांबतात आणि आम्ही सगळे रिजेक्शनच्या, म्हणजे तपासणीत नाकारलेल्या मालाच्या, रॅकसमोर बसून त्या आठवड्यात काय घडले, का घडले आणि त्यातून काय शिकायचे, यावर बोलतो. ही पद्धत बसवायला मला दोन प्रयत्न करावे लागले. पहिला प्रयत्न दोन महिन्यांत बंद पडला, कारण मी ती बैठक जेवणाच्या सुट्टीत ठेवली होती. डबा खाऊन दहा मिनिटे पाठ टेकणाऱ्या माणसाला उठवून ‘चला, शिकायला बसू’ म्हणणे चुकीचे होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. तुम्ही नवीन सुपरवायझर, सेटर (कामासाठी मशीन जुळवून देणारा) किंवा लाईन लीडर असाल आणि आपल्या टीमसाठी असे काही सुरू करू पाहत असाल, तर माझ्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हा क्रम लिहून काढला आहे.

सुरुवातीला हाताशी काय असावे

लॅपटॉप आणि प्रोजेक्टर लागत नाहीत. ते आणले की एकच माणूस बोलतो आणि बाकीचे भिंतीकडे पाहतात. लागते ते एवढेच:

- एक जाड, शिवलेली वही. सुटे कागद महिन्याभरात हरवतात.
- मागील आठवड्याचा शिफ्टनिहाय रिजेक्शन रिपोर्ट.
- प्रत्यक्ष रिजेक्ट झालेले दोन-तीन जॉब (मशीनवर तयार होणारे सुटे भाग) आणि त्यांचे ड्रॉइंग.
- ज्या गेजने (माप तपासण्याच्या साधनाने) ते तपासले तेच गेज.
- दोन्ही शिफ्टचे लॉगबुक.
- पांढरा फळा, मार्कर आणि सर्वांना दिसेल असे घड्याळ.

जॉब समोर असणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कागदावर ‘बोअर ओव्हरसाइज, नग ७’ (आतले भोक मापापेक्षा मोठे) एवढेच लिहिलेले असते. तोच जॉब हातात घेतला की आतला चॅटरचा (कापताना टूल थरथरल्याचा) माग, जॉज (जॉब पकडणारे जबडे) दाबल्याची खूण, एका बाजूला अडकलेली चिप (धातूचा कीस) दिसते आणि जो ऑपरेटर एरवी गप्प असतो तोही बोट ठेवून काहीतरी दाखवतो.

१. वेळेचा हिशेब मांडा आणि मंजुरी लेखी घ्या

शिकण्यासाठी वेळ ‘काढू’ असे सगळेच म्हणतात, पण शिफ्टमध्ये मोकळा वेळ कधीच उरत नाही. तो उत्पादनाच्या वेळेतून उघडपणे कापून घ्यावा लागतो आणि त्याची किंमत आपणच आधी सांगावी लागते. आमच्या लाईनवर चार सीएनसी लेथ आहेत आणि सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, चार मिनिटांचा आहे. चाळीस मिनिटे मशीन थांबली, तर प्रत्येक मशीनचे १० म्हणजे एकूण ४० जॉब कमी होतात. हा आकडा मी प्लँट मॅनेजरपासून लपवला नाही. अर्जात पहिल्याच ओळीत तो लिहिला आणि त्याखाली मागील तीन महिन्यांत त्याच लाईनवर दर आठवड्याला किती जॉब रिजेक्ट झाले, किती रिवर्कला गेले आणि त्यात किती तास खर्च झाले, हे मांडले. तुलना करण्याचे काम त्यांच्यावर सोडले.

मागणी कायमस्वरूपी करू नका. बारा आठवड्यांची परवानगी मागा आणि तेराव्या आठवड्यात काय दाखवणार हे लिहा. मंजुरी मेलवर किंवा नोटशीटवर घ्या, तोंडी नको. तोंडी होकार पहिल्या तातडीच्या डिस्पॅचबरोबर विसरला जातो आणि त्यात कोणाची बेइमानी असतेच असे नाही. ज्याने होकार दिला त्याच्यावरही वरून दबाव असतो.

येथे एक धोका स्पष्टपणे सांगतो. ही वेळ विश्रांतीच्या सुट्टीतून घेऊ नका. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांतीची तरतूद आली, ती दमलेल्या शरीराला उसंत मिळावी म्हणून. ती जागा बैठकीसाठी नाही. त्याचप्रमाणे शिफ्ट संपल्यावर लोकांना थांबवणार असाल, तर त्या वेळेचा ओव्हरटाइम रीतसर लावून घ्या. फुकट थांबवलेला माणूस शरीराने बसतो, पण त्याचे लक्ष कंपनीच्या बसकडे असते.

२. दिवस आणि तास ठरवा

आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे बुधवारी डिस्पॅचची घाई आणि दुसऱ्या दिवसाच्या सुट्टीचे वेध, तर शुक्रवारी मशीन सुरू करण्याची गडबड असते. शनिवारी-रविवारी ऑफिसची आणि ग्राहकाकडची माणसे भेटत नाहीत. सोमवार आणि मंगळवार हे दोनच दिवस उरतात. आम्ही मंगळवार घेतला. तुमच्या वसाहतीतील सुट्टी आणि गाड्या भरण्याचा दिवस पाहून हाच हिशेब करा.

दोन शिफ्ट असतील तर खरा प्रश्न तासाचा असतो. आमची पहिली शिफ्ट सात ते साडेतीन आणि दुसरी साडेतीन ते बारा अशी चालते. एका मंगळवारी बैठक दोन पन्नास ते साडेतीन या वेळेत पहिल्या शिफ्टबरोबर होते आणि त्या दिवशी दुसऱ्या शिफ्टचे दोघे लवकर येतात. पुढच्या मंगळवारी ती साडेतीन ते चार दहा अशी दुसऱ्या शिफ्टबरोबर होते आणि पहिल्या शिफ्टचे दोघे थांबतात. लवकर येणाऱ्यांना आणि थांबणाऱ्यांना त्या वेळेचे पैसे मिळतात आणि दर वेळी जोडी बदलते. एकाच शिफ्टची बैठक घेण्याचा मोह होईल, कारण ती सोपी असते. पण तसे केल्यास प्रत्येक दोषाचे कारण ‘ती दुसरी शिफ्ट’ हेच निघते आणि समोर उत्तर द्यायला कोणी नसते.

३. कोणाला बसवायचे

सहा ते नऊ माणसे पुरेशी आहेत: ऑपरेटर, सेटर, क्वालिटी इन्स्पेक्टर, मेंटेनन्सचा एक जण आणि सुपरवायझर. कंत्राटी कामगार आणि हेल्पर यांना वगळू नका. जॉब मशीनमधून काढणारा, ट्रेमध्ये रचणारा, धुणारा तोच असतो, आणि जॉबवर ओरखडे नेमके कुठे पडतात हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते. प्लँट मॅनेजर यांनी मात्र दर बैठकीला येऊ नये, ही विनंती आधीच करून ठेवावी. आमच्याकडे ते महिन्यातून एकदा, शेवटच्या दहा मिनिटांसाठी येतात आणि फक्त ऐकतात.

४. चार प्रश्न, याच क्रमाने

बैठकीला चौकट नसेल तर ती तक्रारींची सभा होते. आम्ही जी चौकट वापरतो ती मूळ आमची नाही. अमेरिकेच्या लष्कराने १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील फोर्ट अर्विन येथील प्रशिक्षण केंद्रात युद्धसरावानंतर लगेच, अधिकारी आणि शिपाई एकत्र बसून, काय घडले याची उजळणी करण्याची पद्धत रुजवली. त्यातील प्रश्न मशीन शॉपलाही लागू पडतात:

१) काय व्हायला हवे होते?
२) प्रत्यक्षात काय झाले?
३) हा फरक का पडला?
४) पुढच्या वेळी काय तसेच ठेवायचे आणि काय बदलायचे?

पहिला प्रश्न निरर्थक वाटतो म्हणून लोक तो ओलांडून पुढे जातात, आणि तिथेच फसतात. एकदा आम्ही एका जॉबवर पंधरा मिनिटे वाद घातला आणि मग लक्षात आले, की सेटरच्या हातात ड्रॉइंगची जुनी आवृत्ती होती आणि इन्स्पेक्टरच्या हातात नवी. काय व्हायला हवे होते यावरच एकमत नव्हते.

वेळेची वाटणी साधारण अशी ठेवा: मागच्या मंगळवारी ठरलेले झाले का, यासाठी पाच मिनिटे, या आठवड्यातील एकच घटना निवडून त्यावर पंचवीस मिनिटे, निर्णय लिहिण्यासाठी दहा मिनिटे. एका बैठकीत तीन दोष घेतले तर तिन्ही अर्धवट राहतात.

५. माणसे बोलती कशी करावीत

या पायरीवर मी सर्वांत जास्त चुकलो. पहिल्या तीन-चार बैठकांत मी प्रश्न विचारायचो आणि सगळे जमिनीकडे पाहायचे. चूक कबूल केली की मेमो मिळतो, हे ज्याने दहा वर्षे पाहिले आहे, तो एका मंगळवारात बोलू लागत नाही.

हार्वर्डमधील प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील गटांमध्ये औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा जे गट अधिक चांगले चालत होते त्यांच्याच नोंदींत चुका जास्त आढळल्या. त्यांनी पुढे दाखवले, की अशा गटांमध्ये माणसे चुका लपवत नव्हती, म्हणून त्या कागदावर येत होत्या. मला हे वाचून मोठा दिलासा मिळाला, कारण बैठक सुरू झाल्यावर आमच्या लाईनवर नोंदवलेल्या दोषांची संख्या आधी वाढली होती. तुमच्याकडेही ती वाढेल. ही गोष्ट वरिष्ठांना बारा आठवड्यांच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. नंतर सांगितले तर ती सबब वाटते.

आमच्याकडे ज्या गोष्टींचा उपयोग झाला त्या अशा. पहिली म्हणजे, सुपरवायझरने स्वतःची चूक आधी सांगावी, आणि ती खरी, नुकसान झालेली चूक असावी. मी एका इन्सर्टची (टूलच्या बदलता येणाऱ्या कापणाऱ्या टोकाची) ग्रेड चुकीची मागवली होती आणि त्यामुळे दोन दिवस टूल लवकर झिजत राहिले, हे मी सर्वांसमोर सांगितले. त्या दिवशी पहिल्यांदा सेटर स्वतःहून बोलला. दुसरी गोष्ट, बैठकीत निघालेल्या माहितीवरून कोणालाही मेमो दिला जाणार नाही, हे मॅनेजरकडून पहिल्याच दिवशी सर्वांसमक्ष वदवून घ्यावे आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्यावर त्यांची सही घ्यावी. जाणूनबुजून केलेला खोटेपणा किंवा सुरक्षिततेचा भंग यात येत नाही, तेही त्याच पानावर लिहावे. तिसरी, वहीत माणसाचे नाव न लिहिता मशीनचा नंबर, शिफ्ट आणि घटना लिहावी.

भाषेकडेही लक्ष द्या. आमच्या लाईनवर लातूर आणि बीडचे लोक आहेत, तसेच बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले तरुणही आहेत. मराठी-हिंदी मिसळून बैठक चालते आणि निर्णय दोन्ही भाषांत वाचून दाखवला जातो. बोलायला संकोच वाटणाऱ्यांसाठी सुरुवातीची तीन मिनिटे चिठ्ठीवर लिहिण्यासाठी द्या. ज्याला लिहिणे जड जाते त्याला शेजाऱ्याला सांगू द्या. आणि सर्वांत नवा माणूस आधी, सर्वांत जुना शेवटी, हा बोलण्याचा क्रम पाळा. जुना आधी बोलला की नवा त्याचेच शब्द पुन्हा उच्चारतो.

६. कारणाच्या तळाशी जा

टोयोटाच्या कारखान्यात रूढ झालेली ‘पाच वेळा का विचारा’ ही रीत तुम्ही ऐकली असेल. पाच हा आकडा पाळण्यापेक्षा एक नियम पाळा: उत्तर एखाद्या माणसाच्या निष्काळजीपणापाशी थांबले, तर अजून एकदा ‘का’ विचारायचे.

आमच्याकडील एक प्रसंग सांगतो. बेअरिंग बसणाऱ्या ४२ मिलिमीटर बोअरचा एक जॉब आम्ही करतो. त्याच्या मापात चालणारा फरक शून्य ते अधिक २५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. या जॉबचे रिजेक्शन सकाळी सात ते नऊ या वेळेत जास्त होते आणि शुक्रवारी सर्वांत जास्त. पहिल्या शिफ्टच्या ऑपरेटरचे म्हणणे होते, की रात्रीचा माणूस ऑफसेट (माप जुळवण्यासाठी मशीनमध्ये भरलेला आकडा) बिघडवून जातो. दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरचे म्हणणे होते, की रात्री नीट ठेवलेला ऑफसेट सकाळी कोणीतरी बदलतो. दोघे रोज साडेतीनला एकमेकांच्या शेजारून जात असत आणि दोघांचेही खरे होते. रात्रीचा ऑफसेट तापलेल्या मशीनसाठी बरोबर होता. सकाळी स्पिंडल (जॉब फिरवणारा मुख्य दांडा) थंड असे, माप सरके, म्हणून ऑपरेटर ऑफसेट बदले; मग दोन तासांत मशीन तापे आणि माप पुन्हा सरके. गुरुवारच्या सुट्टीनंतर मशीन पूर्ण थंड पडलेली असे, म्हणून शुक्रवार वाईट जाई.

हे कोडे एका हेल्परमुळे सुटले. आपल्या आधीच्या कंपनीत पहिला जॉब लावण्यापूर्वी मशीन वीस मिनिटे रिकामी फिरवत असत, हे त्याला आठवत होते, पण ‘मला कोणी विचारले नाही’ म्हणून तो गप्प होता. आता साडेसहाला येणारा मेंटेनन्सचा मुलगा वॉर्म-अप प्रोग्राम लावतो, पहिले पाच जॉब बोअर गेजने तपासले जातात आणि ऑफसेट बदलला की मशीनला टांगलेल्या वहीत वेळ आणि आकडा लिहिला जातो. यांतील एकही गोष्ट कोणा तज्ज्ञाने बाहेरून येऊन सांगितलेली नव्हती.

७. एका बैठकीतून एकच बदल

निर्णयाची ओळ अशी असावी, की ती वाचून बैठकीला न आलेल्या माणसालाही काम करता येईल. ‘काळजी घेणे’, ‘लक्ष देणे’, ‘सर्वांना सूचना देणे’ असे शब्द वहीत लिहू देऊ नका. काय करायचे, कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तीन रकाने भरले नाहीत तर बैठक संपलेली नाही. चौथा रकाना रिकामा ठेवा. तो, ठरलेले झाले का हे पाहून, पुढच्या मंगळवारी भरायचा असतो.

ज्या बदलासाठी पैसे लागतात, उदाहरणार्थ नवे फिक्स्चर (जॉब पकडून ठेवण्याची जोडणी), त्याचे उत्तर वरून येईपर्यंत टीमला अडकवून ठेवू नका. पण उत्तर नकारार्थी आले तरी ते कारणासह फळ्यावर लिहा. नकार लोक समजून घेतात; आपण सांगितलेले कुठे गेले हे न कळणे त्यांना सहन होत नाही आणि मग ते सुचवणे सोडून देतात.

८. दर चौथा मंगळवार फक्त शिकण्यासाठी

या दिवशी दोष घ्यायचा नाही. टीममधील एकाने जे त्याला चांगले येते ते इतरांना शिकवायचे: ड्रॉइंगवरील भौमितिक खुणा कशा वाचाव्यात, सॉफ्ट जॉज (मऊ धातूचे जबडे) जॉबच्या मापाला कसे बोअर करावेत, कूलंटची (कापताना थंड ठेवणाऱ्या द्रवाची) तीव्रता रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने कशी पाहावी. सुरुवातीसाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. दहा जॉबना क्रमांक द्या आणि तिघांना एकाच गेजने, एकमेकांचे आकडे न पाहता, ते मोजू द्या. फळ्यावर तिन्ही रकाने शेजारी लिहिले की आमच्याकडे सगळे स्तब्ध झाले होते. एकाच जॉबच्या मापात आठ-नऊ मायक्रॉनचा फरक येत होता, कारण एक जण गेज हलकेच झुलवून सर्वांत कमी आकडा घेत होता आणि दुसरा गेज सरळ घालून दिसेल तो आकडा लिहीत होता. त्या दिवशी गेज कसे धरायचे हे सर्वांनी पुन्हा, हातात हात धरून शिकून घेतले.

९. स्पर्धेच्या नादी लागू नका

कामगारांनी गटाने बसून आपल्याच कामाचे प्रश्न सोडवण्याची चळवळ जपानमध्ये १९६२ पासून काओरू इशिकावा यांच्या प्रेरणेने ‘क्वालिटी सर्कल’ या नावाने वाढली. भारतात ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबाद येथील कारखान्यातून रुजली आणि १९८२ मध्ये हैदराबादलाच क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडियाची स्थापना झाली. या परंपरेबद्दल मला आदर आहे. परंतु अनेक कंपन्यांत वर्षभर बैठक होत नाही आणि स्पर्धेच्या महिनाभर आधी एका जुन्या प्रश्नाचे सादरीकरण रंगवले जाते, हेही मी जवळून पाहिले आहे. स्पर्धेत जरूर जा, पण वहीत आधीपासून असलेला विषय घेऊन जा.

१०. काम वाढले की

मार्च महिन्यात किंवा सणापूर्वी ‘या मंगळवारी राहू द्या’ असा निरोप येईलच. तेव्हा बैठक रद्द न करता पंधरा मिनिटांवर आणा. मशीन एकेक करून थांबवा, रॅकसमोर उभ्यानेच तेच चार प्रश्न विचारा आणि वहीत एक ओळ लिहा. माझ्या अनुभवात सलग दोन मंगळवार चुकले की तिसऱ्या मंगळवारी लोकांना बोलवावे लागते, आणि चौथ्या वेळी बोलवूनही ते येत नाहीत.

११. वर्षातून एकदा वही पहिल्यापासून वाचा

खंडेनवमीला आमच्याकडे मशीन पुसून, हार घालून पूजा होते. त्याच्या आधीच्या मंगळवारी आम्ही वही पहिल्या पानापासून वाचतो. जे बदल टिकले ते कामाच्या सूचनापत्रात घालून मशीनवर लावले जातात. जे सुटले त्यांच्यापुढे ते का सुटले हे लिहिले जाते. वाचण्याचे काम टीममधील सर्वांत नव्या माणसाकडे द्यावे. त्याला जे समजत नाही तिथे तो थांबून विचारतो, आणि आपली नोंद कुठे अपुरी राहिली आहे ते तेव्हाच कळते. ती नोंद त्याच बैठकीत, ज्याने लिहिली होती त्याच्याकडून पूर्ण करून घ्यावी.